क्षरणकारी ज्वलन

घन प्रणोदकावर चालणाऱ्या अग्निबाणाच्या मोटरमध्ये, प्रणोदकाच्या पृष्ठभागाला समांतर वाहणाऱ्या तप्त वायूंमुळे ज्वलनदरात होणाऱ्या वाढीस क्षरणकारी ज्वलन असे म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. वायू प्रणोदक खरवडून नेत नाहीत. ते पृष्ठभागाला अधिक उष्णता पोहोचवतात. लोहाराच्या भात्याची उपमाही येथे लागू पडत नाही, कारण भाता कोळशाला हवेतील ऑक्सिजन पुरवतो, तर घन प्रणोदकात ऑक्सिडीकारक आधीच मिसळलेला असतो.

प्रवाह नसताना ज्वलनदर दाबाच्या एका घातांकाच्या प्रमाणात वाढतो. घातांक ०.३५ असल्यास दाब दुप्पट होताच ज्वलनदर सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. मोटरच्या मधल्या पोकळीत मात्र वरच्या अंगाला निर्माण झालेला सर्व वायू नोझलकडे जातो. त्यामुळे नोझलजवळच्या टोकाशी प्रवाह सर्वांत जोरदार असतो व तेथील प्रणोदक लवकर जळते. मोटर पेटताच पोकळी सर्वांत अरुंद असते, म्हणून हा परिणाम आरंभीच तीव्र असतो. पोकळी रुंदावत गेली की तो ओसरतो.

धोका दुहेरी आहे. वरील घातांकासाठी संपूर्ण पृष्ठभागाचा ज्वलनदर १० टक्क्यांनी वाढला, तर मोटरमधील दाब सुमारे १६ टक्क्यांनी चढतो. शिवाय नोझलकडील प्रणोदक आधी संपल्यास तेथील आवरण वेळेपूर्वी ज्वाळेसमोर उघडे पडते. पेटलेली घन मोटर विझवण्याची सोय सहसा नसते; अंदाज आधीच बांधावा लागतो.

या अंदाजासाठी लेन्वार आणि रोबिलार यांनी १९५७ मध्ये मांडलेले प्रतिमान आजही वापरले जाते. त्यात एकूण ज्वलनदर म्हणजे दाबावर अवलंबून असलेला दर अधिक प्रवाहजन्य दर. दुसरे पद दर एकक क्षेत्रफळातून वाहणाऱ्या वायूच्या वस्तुमानाच्या ०.८ घाताच्या समप्रमाणात, तर लांबीच्या ०.२ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. पृष्ठभागातून बाहेर पडणारा वायू मुख्य प्रवाहाला दूर लोटतो, म्हणून या पदाला घटता घातांकी गुणकही जोडलेला असतो. मुळात जलद जळणाऱ्या प्रणोदकांवर प्रवाहाचा परिणाम कमी का होतो, हे याच गुणकामुळे उलगडते. गुणकात एकूण ज्वलनदर स्वतःच येत असल्याने समीकरण सरळ सुटत नाही. पोकळीचे छोटे काप कल्पून, वरच्या टोकापासून नोझलकडे जात, प्रत्येक कापासाठी पुनःपुन्हा आकडेमोड करावी लागते. प्रतिमानातील एक स्थिरांक प्रयोगातूनच ठरवावा लागतो, ही त्याची मर्यादा होय.

लांब आणि अरुंद पोकळीच्या मोटरांत हा प्रश्न विशेष जाणवतो. महाराष्ट्रात घन प्रणोदकांवरील संशोधन पुण्याच्या सुतारवाडीतील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत चालते. २१४ मिलिमीटर व्यासाच्या पिनाक अग्निबाणाचे प्रणोदक तिनेच विकसित केले. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) यांनी बर्मिंगहॅम येथे गार्नर यांच्यासह घन व द्रायू यांमधील उष्णता आणि वस्तुमान यांच्या वहनाचा सिद्धांत मांडला. क्षरणकारी ज्वलनाच्या मुळाशीही उष्णतावहनाचाच प्रश्न आहे. पुढे गोवारीकरांनी थुंबा येथे घन प्रणोदकांच्या विकासाचे नेतृत्व केले आणि १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते.