फाईल आहे, पण गाणे वाजत नाही

गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाचे पाणी ज्या धानाच्या बांध्यांना मिळते, तेथे रोवणीच्या दिवसांत बायका चिखलात वाकून रोपे लावता लावता गाणी म्हणतात. जवळच्या एका शाळेतील शिक्षिकेने अशी नऊ गाणी आपल्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली. वर्गात ऐकवता यावीत म्हणून त्यांनी बाजारातून खिशात मावेल असा एक प्लेअर आणला, मेमरी कार्डावर गाणी उतरवली आणि कळ दाबली. कार्डावर बारा फाईली होत्या, प्लेअरला तीनच दिसल्या. त्या तिन्ही दुकानदाराने कार्डावर आधीच भरून दिलेल्या चित्रपटगीतांच्या होत्या!

आम्ही त्या सुमारास तिकडे दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, म्हणून ते कार्ड आमच्यापुढे आले. कार्ड धडधाकट होते, फाईलीही शाबूत होत्या. मग प्लेअरला त्या दिसेनात कशा?

त्यासाठी फाईलीत काय असते ते पाहू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. ठरावीक अंतराने हा दाब मोजून ते आकडे लिहून ठेवले की झाले अंकीय ध्वनिमुद्रण. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि एखादी वारंवारता पकडायची तर तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप करावे लागते. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापे घेण्याचे ठरले. प्रत्येक माप १६ बिटांचे आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट येतात, म्हणजे एका मिनिटाच्या गाण्याला जवळजवळ १०.६ मेगाबाइट. (हा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा.) असे आकडे जसेच्या तसे ठेवलेली फाईल बहुधा ‘डब्ल्यूएव्ही’ प्रकारची असते.

इतकी जागा परवडत नाही, म्हणून संकुचन आले. त्याचे दोन मार्ग आहेत. ‘फ्लॅक’ हा २००१ साली आलेला प्रकार आकडे नुसते घट्ट बांधतो, सोडल्यावर एकही आकडा हरवत नाही. ‘एमपी३’ची रीत वेगळी. धानाची गिरणी चालू असताना शेजारच्या बाईच्या बांगड्यांची किणकिण आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज आपल्या आसपासच्या वारंवारतेचे लहान आवाज झाकून टाकतो. जे ऐकूच येणार नाही ते लिहायचे कशाला, असा विचार करून एमपी३ तो भाग गाळून टाकते. सेकंदाला १,२८,००० बिट या दराने एक मिनिट ०.९६ मेगाबाइटमध्ये बसते, म्हणजे सीडीच्या अकराव्या हिश्शात. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनी यावर मोठे काम केले आणि १९९३ साली ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. नंतर ‘एएसी’, ‘व्हॉर्बिस’, ‘ओपस’ अशी भावंडे आली. कमी जागेत ती अधिक चांगला आवाज देतात, पण प्रत्येकाची लिपी निराळी.

अडचणीचे मूळ येथे आहे. प्लेअरमधील चिपला जी लिपी वाचता येते तेवढेच तिला वाजवता येते. संगणकात नवा प्रोग्रॅम घालता येतो, स्वस्त प्लेअरमध्ये ती सोय सहसा नसते. शिक्षिकेच्या मोबाईलने गाणी एएसीत लिहून ‘एम४ए’ नावाच्या पेटीत ठेवली होती, आणि प्लेअरला एमपी३ व डब्ल्यूएव्ही याखेरीज काही येत नव्हते.

पेटी आणि आतला ऐवज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शाळेतील एका हुशार मुलाने फाईलीच्या नावातील ‘एम४ए’ खोडून तेथे ‘एमपी३’ लिहिले. आता प्लेअरला फाईल दिसू लागली, पण वाजेना! डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या मिठाची साखर होत नाही. खरा ऐवज ओळखायचा असेल तर फाईलीची प्रत संगणकावर साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. बाकी सारा गोंधळ दिसेल, पण आरंभीची रोमन अक्षरे बोलकी असतात. डब्ल्यूएव्हीत ‘आरआयएफएफ’, व्हॉर्बिस व ओपसच्या पेटीत ‘ओजीजीएस’, एम४एच्या सुरुवातीजवळ ‘एफटीवायपी’, आणि पुष्कळ एमपी३ फाईलींत ‘आयडी३’. मुलांना हा शोध फार आवडतो.

ही कुचंबणा फक्त स्वस्त वस्तूंची नाही. २००१ साली आलेला आयपॉड मायक्रोसॉफ्टची ‘डब्ल्यूएमए’ फाईल वाजवीत नसे. त्याहून गंमत म्हणजे, मायक्रोसॉफ्टच्याच ‘प्लेज फॉर शुअर’ योजनेत लोकांनी विकत घेतलेली कुलूपबंद गाणी त्याच कंपनीच्या २००६ सालच्या ‘झून’ प्लेअरवर चालत नसत. कुठे पेटंटचे पैसे आडवे येत, कुठे धंद्यातील चुरस. एमपी३ची पेटंटे २०१७ पर्यंत संपली, त्यामुळे आज ती लिपी न येणारा प्लेअर शोधूनच काढावा लागेल.

म्हणून प्लेअर घ्यायला जाताना आपल्याच फाईली असलेले कार्ड सोबत न्यावे आणि दुकानात वाजवून पाहावे. खोक्यावर ‘सर्व प्रकार चालतात’ असे लिहिलेले असते, त्यावर आमचा विश्वास नाही. कार्डात एक मोबाईलवरचे ध्वनिमुद्रण, एक व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी निरोप (तो ओपसमध्ये असतो) आणि एक डब्ल्यूएव्ही असावी. कार्ड ३२ गिगाबाइटपेक्षा मोठे असेल तर त्यावरील मांडणी बहुधा ‘एक्सफॅट’ असते. जुन्या धाटणीच्या प्लेअरला ती कळत नाही आणि कार्ड रिकामे भासते. नावे देवनागरीत दिली तर कित्येक प्लेअर नुसते चौकोन दाखवतात. आम्ही आरंभी क्रमांक घालतो, तो तरी वाचता येतो.

शिक्षिकेची गाणी आम्ही संगणकावर एमपी३त रूपांतरित करून दिली. दहा मिनिटांचे काम. जागा मोकळी व्हावी म्हणून मोबाईलवरची मूळ फाईल त्या पुसायला निघाल्या, तेव्हा आम्ही त्यांना थांबवले. एएसीने एकदा गाळलेले होते, एमपी३ने त्यातून आणखी गाळले. ही झेरॉक्सची झेरॉक्स झाली. पुढे दर वाढवून सेकंदाला ३,२०,००० बिटांनी लिहिले तरी गेलेले परत येत नाही, फाईल फक्त फुगते. वर्गात ऐकवायला एमपी३ पुरेशी आहे. पण उद्या कोणाला त्यातील झाडीबोलीचे उच्चार तपासायचे असतील, मागे कोण साथ देते ते ऐकायचे असेल, तर सर्वात पहिली प्रतच हवी.

गाणाऱ्यांपैकी सर्वात वयस्क आजी त्यानंतरच्या रोवणीला नव्हत्या. त्यांच्या आवाजातील मूळ फाईली आता तीन ठिकाणी आहेत: शिक्षिकेच्या मोबाईलवर, शाळेच्या संगणकावर आणि आमच्याकडे. या वर्षीची गाणी त्या थेट डब्ल्यूएव्हीत ध्वनिमुद्रित करणार आहेत. तेवढी सोय त्यांच्या मोबाईलमध्ये आधीपासूनच होती, कोणी शोधली नव्हती.