गुपी-बाघांची दुसरी यात्रा

एखाद्या लोकप्रिय कथेवर काढलेला चित्रपट यशस्वी झाला की त्याच्या उत्तरभागाची अपेक्षा आपोआपच निर्माण होते. प्रेक्षकाला आपली ओळखीची पात्रे पुन्हा भेटावयास हवी असतात. परंतु त्यांनी पूर्वीच्याच गोष्टी पुन्हा करून दाखविल्या तर त्याचा विरसही होतो. अद्‌भुतकथेच्या बाबतीत ही अडचण अधिकच वाढते, कारण पहिल्या भेटीतील विस्मय दुसऱ्या भेटीत उरत नाही. सत्यजित राय यांनी ‘हीरक राजार देशे’ (1980) या चित्रपटात ही अडचण कशी सोडविली, हे पाहण्यासारखे आहे.

गुपी आणि बाघा ही जोडी मूळची उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची. उपेंद्रकिशोर हे सत्यजित राय यांचे आजोबा. 1913 साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांसाठीचे बंगाली मासिक सुरू केले आणि त्यातच ही कथा प्रसिद्ध झाली. बेसूर गाणारा गुपी आणि बेताल ढोल बडविणारा बाघा यांना गावातून हाकलून दिले जाते. अरण्यात भुतांचा राजा त्यांच्यावर प्रसन्न होऊन तीन वर देतो: टाळी देताच हवे ते अन्नवस्त्र, क्षणात हव्या त्या स्थळी नेणारे जोडे आणि ऐकणाऱ्याला जागच्या जागी खिळवून ठेवणारे संगीत. या कथेवर आधारलेला ‘गुपी गाइन बाघा बाइन’ हा चित्रपट 1969 साली प्रदर्शित झाला आणि बंगालमध्ये लहानथोरांनी तो डोक्यावर घेतला. त्यात या दोघांनी आपल्या वरांच्या बळावर दोन राज्यांतील युद्ध थांबविले होते.

उत्तरभागासाठी मात्र आजोबांची कथा उपलब्ध नव्हती. पात्रे व त्यांचे वर तेवढे कायम ठेवून राय यांनी कथा, पटकथा, गीते आणि संगीत ही सर्व अंगे स्वतःच रचली. चित्रपटाची निर्मिती पश्चिम बंगाल सरकारने केली. पहिला चित्रपट, अखेरचा भाग वगळता, कृष्णधवल होता. हा पूर्णपणे रंगीत आहे.

कथेच्या आरंभी गुपी व बाघा राजजामात होऊन सुखात, परंतु कंटाळलेले आहेत. हीरक देशाच्या राजाचे निमंत्रण येते आणि ते निघतात. या देशात हिऱ्यांच्या खाणी आहेत, तरी खाणकामगार व शेतकरी उपाशी आहेत. राजाने पाठशाळा बंद करविली आहे आणि ग्रंथ जाळले आहेत. उत्सवासाठी पाहुणे येणार म्हणून गरिबांना नजरेआड केले जाते. जो विरोध करतो त्याला ‘जंतर-मंतर’ नावाच्या यंत्रगृहात नेऊन त्याच्या मेंदूची धुलाई केली जाते. तेथून बाहेर पडलेला माणूस दरबारी कवीने रचलेली राजस्तुतीची द्विपदी तेवढी घोकत राहतो.

या चित्रपटातील सर्वांत मार्मिक योजना भाषेची आहे. येथील पात्रे यमक जुळवून बोलतात. प्रथम ही केवळ गंमत वाटते. बालप्रेक्षक त्या तालावर खूश होतो. परंतु हळूहळू ध्यानात येते की, एकच मनुष्य सरळ गद्यात बोलतो, आणि तो म्हणजे पाठशाळेचा शिक्षक उदयन पंडित. ज्याचे मन कोणाच्या साच्यात बसलेले नाही, त्याच्या वाणीलाही साचा नाही. यमक सहज पाठ होते, आणि जे सहज पाठ होते त्याचा विचार करावा लागत नाही, हे हुकूमशाहीचे मर्म राय यांनी व्याख्यान न देता अशा रीतीने कानांना ऐकविले आहे. उत्पल दत्त यांचा राजा आणि सौमित्र चटर्जी यांचा शिक्षक यांच्यातील खरा संघर्ष शस्त्रांचा नसून शब्दांचा आहे.

1975 ते 1977 या काळातील आणीबाणी प्रेक्षकांच्या स्मरणात ताजी होती. त्यामुळे अनेक समीक्षकांनी या चित्रपटात तिचे प्रतिबिंब पाहिले, हे स्वाभाविकच होते. तथापि, केवळ तेवढ्या अर्थाने चित्रपट पाहिल्यास त्याचा आवाका कमी होतो. ग्रंथ जाळणारे आणि स्वतःचे पुतळे उभारणारे राजे कोणत्याही एका देशाचे किंवा काळाचे नसतात.

उत्तरभाग म्हणून या चित्रपटाचे वेगळेपण त्याच्या शेवटात आहे. गुपी-बाघांचे वर येथेही कामी येतात. गाण्याने वाघ खिळून राहतो आणि खजिन्यातील हिरे हाती लागतात. परंतु पहिल्या चित्रपटाप्रमाणे जादूने प्रश्न सुटत नाही. जादू केवळ वाट मोकळी करून देते. प्रतिकाराचा निश्चय शिक्षकाचा व त्याच्या विद्यार्थ्यांचा असतो. शेवटी राजालाच त्याच्या यंत्रात घातले जाते आणि स्वतःच्या पुतळ्याला बांधलेला दोर ओढण्यासाठी तोही प्रजेबरोबर उत्साहाने हात लावतो. प्रेक्षक हसतो, पण ज्या यंत्राने राजाला सुधारले ते यंत्र चांगले कसे म्हणावे, हा प्रश्न त्या हास्यामागे उरतोच.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. संगीत दिग्दर्शनासाठी सत्यजित राय आणि पार्श्वगायनासाठी अनुप घोषाल यांचाही गौरव झाला. पुढे राय यांचे पुत्र संदीप राय यांनी याच जोडीवर तिसरा चित्रपट दिग्दर्शित केला. दुसऱ्या चित्रपटाचे महत्त्व मात्र पुरस्कारांच्या पलीकडचे आहे. ओळखीच्या पात्रांना अनोळखी प्रश्नापुढे उभे करणे, हाच उत्तरभागाचा खरा धर्म होय, हे त्याने दाखवून दिले. मुलांना त्यात वाघ, हिरे आणि गाणी सापडतात; तीच मुले मोठी होऊन तो पुन्हा पाहतात, तेव्हा त्यांना राजा सापडतो.