विद्यापीठातील माहिती तंत्रज्ञान सेवा : सुधारणेची दिशा

प्रस्तावना

प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र या विद्यार्थिजीवनातील प्रत्येक टप्प्याशी आज माहिती तंत्रज्ञानाचा संबंध येतो. तथापि संगणक आले म्हणजे सेवा सुधारली, असे समीकरण मांडता येत नाही. अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत पुन्हा महाविद्यालयाच्या खिडकीवर द्यावी लागत असेल, तर विद्यार्थ्याचे काम कमी होण्याऐवजी दुप्पट होते. विद्यापीठातील माहिती तंत्रज्ञान सेवांची सुधारणा कशावर अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात मुंबई विद्यापीठाच्या २०१७ मधील अनुभवाच्या आधारे केले आहे.

साधने आणि सेवा यांतील भेद

देशातील उच्च शिक्षणासाठी संगणकीय पायाभूत सुविधा टप्प्याटप्प्याने उभ्या राहिल्या. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्पाला प्रारंभ झाला. २००२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘यूजीसी-इन्फोनेट’द्वारे विद्यापीठे जोडण्याचे कार्य हाती घेतले. २०१० मध्ये ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’ला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने विद्यापीठीय कामकाजासाठी संगणक प्रणाली पुरविल्या. २०१७ मध्ये ‘नॅशनल अ‍ॅकॅडमिक डिपॉझिटरी’ आणि २०२१ मध्ये ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ यांमुळे प्रमाणपत्रे व श्रेयांक डिजिटल स्वरूपात जतन करण्याची सोय झाली.

या सर्व सुविधा म्हणजे साधने होत. विद्यार्थ्याचे काम ठरलेल्या मुदतीत, अचूक आणि त्याला कळेल अशा रीतीने पूर्ण होणे म्हणजे सेवा होय. साधने निविदा काढून खरेदी करता येतात. सेवा मात्र नियोजन, प्रशिक्षण आणि उत्तरदायित्व यांतूनच घडवावी लागते.

मुंबई विद्यापीठाचा अनुभव

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. २०१७ च्या उन्हाळी सत्रात विद्यापीठाने सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय अमलात आणला. या पद्धतीचे गुण निर्विवाद आहेत. बेरजेतील चुका टळतात, परीक्षार्थीची ओळख गुप्त राहते आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांपर्यंत वाहून न्यावे लागत नाहीत.

परंतु परीक्षा ४७७ आणि उत्तरपत्रिका १७ लाखांहून अधिक, एवढा मोठा पसारा एकाच सत्रात नव्या पद्धतीकडे वळविण्यात आला. परीक्षांचा हंगाम सुरू झाला तरी पूर्वतयारी अपुरी होती. उत्तरपत्रिकांचे स्कॅनिंग, त्यांची विषयवार विभागणी, महाविद्यालयांतील संगणक व इंटरनेट जोडणी आणि प्राध्यापकांचे प्रशिक्षण या साखळीतील प्रत्येक कडीवर एकाच वेळी ताण आला. कायद्यानुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लागणे अपेक्षित असते. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळली गेली नाही व निकालांचे काम सप्टेंबरपर्यंत लांबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदमुक्त करण्यात आले.

प्रशासकीय कारवाईने प्रश्नाचा एक भाग संपला, पण विद्यार्थ्याचे नुकसान भरून निघाले नाही. पदव्युत्तर वा परदेशी प्रवेशाची तारीख उलटून गेल्यावर लागलेला निकाल अचूक असला तरी निरुपयोगी ठरतो. येथे दोष तंत्रज्ञानाचा नव्हता. लहान प्रमाणावर चाचणी न घेता आणि जुनी पद्धत पर्याय म्हणून हाताशी न ठेवता केलेला बदल हे मूळ कारण होते.

सुधारणेचे उपाय

१. टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी : नवी प्रणाली प्रथम एका विद्याशाखेत, कमी विद्यार्थिसंख्येच्या परीक्षेत वापरावी. त्या सत्रातील त्रुटी दूर झाल्यावरच तिचा विस्तार करावा. परीक्षा सुरू असताना प्रणाली बदलू नये.

२. भाराचा पूर्वअंदाज : संकेतस्थळावर वर्षभर सारखी वर्दळ नसते. निकालाच्या दिवशी आणि अर्जाच्या अखेरच्या तारखेस ती एकदम वाढते. यंत्रणेची क्षमता सरासरी वापरावर नव्हे, तर या गर्दीच्या दिवसांवर ठरवावी. शक्य असेल तेथे विद्याशाखानिहाय वेगवेगळ्या तारखा ठेवाव्यात.

३. तक्रारीची नोंद व मुदत : प्रत्येक तक्रारीस क्रमांक, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि निराकरणाची तारीख मिळावी. कुडाळच्या विद्यार्थ्याला गुणपत्रकातील दुरुस्तीसाठी मुंबई गाठायची झाल्यास चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. त्याची तक्रार महाविद्यालयातूनच नोंदली जाऊन तिची स्थिती तेथेच समजली, तर त्याचे प्रवासभाडे आणि दिवस दोन्ही वाचतात. एकाच प्रकारच्या तक्रारी वारंवार आल्यास प्रत्येकीवर स्वतंत्र मलमपट्टी न करता मूळ कारण शोधावे.

४. देवनागरीची काळजी : रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ ही आडनावे सारखीच लिहिली जातात. त्यामुळे रोमन नोंदीवरून यंत्राने तयार केलेले मराठी नाव चुकण्याची शक्यता असते. विद्यार्थ्याने आपले नाव प्रवेशाच्या वेळीच देवनागरीत भरून तपासावे, अशी सोय हवी. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये साठविलेल्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्याखेरीज त्यांचा शोध घेणेही कठीण असते.

५. मनुष्यबळ व पुरवठादार : बाहेरच्या कंपनीस काम दिले तरी उत्तरदायित्व विद्यापीठाचेच राहते. म्हणून करारात सेवेची मुदत, दंडाची तरतूद, माहितीची मालकी आणि करार संपल्यावर ती परत मिळण्याची पद्धत स्पष्ट असावी. प्रणाली समजणारे कायम कर्मचारी विद्यापीठातच असणे आवश्यक आहे.

६. माहितीची सुरक्षितता : गुण, जात प्रमाणपत्र, बँक खाते असा संवेदनशील तपशील विद्यापीठाकडे असतो. तो पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार मर्यादित असावा आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी. माहितीची राखीव प्रत घेणे पुरेसे नसून ती पुन्हा वापरात आणता येते की नाही, याचीही नियमित तपासणी व्हावी.

निष्कर्ष

वरील उपायांपैकी बहुतेकांना नव्या यंत्रसामग्रीपेक्षा कार्यपद्धतीतील शिस्त अधिक लागते. विद्यापीठाने किती संगणक घेतले वा किती सेवा ऑनलाइन केल्या, हे प्रगतीचे पुरेसे माप नव्हे. अर्ज केल्यापासून विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र पडेपर्यंत किती दिवस लागले, किती वेळा खेटे घालावे लागले आणि चूक झाल्यास ती किती दिवसांत दुरुस्त झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे दरवर्षी मोजून जाहीर केल्यास सुधारणेची दिशा आपोआप स्पष्ट होईल. २०१७ च्या अनुभवाचा खरा बोध हाच की, विद्यापीठाच्या दृष्टीने जो तांत्रिक विलंब असतो, तो विद्यार्थ्याच्या आयुष्यातील एक शैक्षणिक वर्ष असू शकतो.