स्वतःसाठी एक रविवार

‘योग आणि चित्रकला, फक्त महिलांसाठी’ असा फलक घोडबंदर रोडवर दिसला, तेव्हा मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. दिवसभर वर्गात उभं राहून गुडघे इतके दुखतात, की वर्षभर खुर्चीवर बसूनच नमाज पढते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “जा बेटी, एक रविवार आम्ही सांभाळू.”

शिबिर येऊरच्या पायथ्याशी होतं. ओंकार म्हणावा लागेल का, ही धाकधूक होती. शिक्षिकेला आधीच विचारलं. “तुम्ही नुसता श्वास घ्या,” त्या म्हणाल्या. आसनं भिंतीच्या आधाराने करायला लावली आणि गुडघे डॉक्टरांना दाखवा, असंही बजावलं. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४ पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास चालतो, हे त्यांच्याकडूनच कळलं.

जुहरनंतर वारली चित्रकला. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणं हे मुळात सुवासिनींचं काम. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर पोहोचवली. शाळेसाठी मी शेकडो तक्ते रंगवले; स्वतःसाठी काढलेलं हे पहिलंच चित्र.

गुडघे एका दिवसात बरे झाले नाहीत. नमाज अजून खुर्चीवरच आहे. पण फजरनंतर पंधरा मिनिटं दार लोटून बसते. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असं मुलींना सांगत आले. आता स्वतःही पाळते. तुम्हाला जायचं असेल, तर शिकवणारी स्त्री आहे का, नमाजला जागा आहे का, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका.