बुरडाची वीण, रंगीत कागदाची टोपली

कामोठे (ता. पनवेल) : सिडकोच्या फ्लॅटमध्ये बांबू फोडायला जागा नाही; कागदाची टोपली विणायला टेबल पुरतं. अमेरिकेत एड रॉसबाख (१९१४–२००२) यांनी वर्तमानपत्रं, प्लास्टिक विणून टोपलीला शिल्पाचा मान दिला.

जाड कागद दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिकने रंगवा. वाळला की सारख्या पट्ट्या कापा. एक वर, एक खाली असा तळ विणा. पट्ट्या उभ्या दुमडून भोवतीनं वीण चढवा. वीण आवळली की टोपली आत झुकते, सैल सोडली की फुगते. आकार असाच येतो. शेवटी वार्निश.

कागद ओल धरतो, म्हणून मासळी-भाजीला बांबूच बरा. ही टोपली शोभेची. पैसे मिळतात ते हातातल्या कसबाचे. अन् ते कसब बुरूड कारागिरांकडे आधीपासूनच आहे.