ताम्हिणीचा ढग, हिंजवडीचा ढग

आषाढात मुळशीच्या पश्चिमेला ढग थेट घरात येतात. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. त्या पावसाळ्यानंतर तिकडच्या आमच्या काकांनी पत्र्याची ट्रंक उघडली, तर सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि आजीच्या एकुलत्या एका फोटोवर बुरशीचे पांढरे ठिपके. काका म्हणाले, "सगळं मोबाइलमध्ये घे आणि ते क्लाउड का काय म्हणतात, त्यात टाकून दे."

तो क्लाउडही जमिनीवरच असतो. मायक्रोसॉफ्टची पुण्यातली क्लाउड सेवा 2015 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये कंपनीने याच मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत मोठी जमीन घेतली. डेटा सेंटर म्हणजे गार हवेची दालनं, कपाटांत रचलेल्या हजारो डिस्क आणि वीज गेली तर लगेच सुरू होणारे जनरेटर. डिस्क तिथेही बिघडतातच. वर्षाला शंभरात एक जाते असं धरलं, तरी चाळीस हजार डिस्क असलेल्या केंद्रात रोज सरासरी एक तरी बंद पडणार. तरीही आपला फोटो शाबूत राहतो, यामागचं गणित मला फार आवडतं.

काकांना ते सातबाऱ्यावरूनच सांगितलं. एका डिस्कवर 7 लिहा, दुसरीवर 12 आणि तिसरीवर त्यांची बेरीज 19. आता यातली कुठलीही एक डिस्क जळू द्या, उरलेल्या दोघींवरून हरवलेला आकडा काढता येतो. 19 मधून 7 वजा केले की 12 परत हजर! आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 मध्ये याच कल्पनेचं फार ताकदीचं रूप मांडलं. फेसबुकच्या एका साठवण पद्धतीत माहितीच्या दहा तुकड्यांना असे चार जादा तुकडे जोडतात. चौदांपैकी कुठलेही चार गेले, तरी मूळ माहिती जशीच्या तशी उभी राहते.

पण हे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी असतील तरच. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा 858 टेराबाइटचा साठा त्यात गेला. त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच ठेवलेली नव्हती.

घरगुती फायली मात्र आगीपेक्षा आपल्याच हातून जास्त जातात. माझेच गावच्या जत्रेचे फोटो असे गेले. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून मी ते पुसले आणि ते क्लाउडवरूनही पुसले गेले. दोन्हीकडचं सारखं ठेवणं हेच त्या सोयीचं काम होतं आणि मी त्यालाच बॅकअप समजत होतो. पुसलेले फोटो काही काळ ठेवणाऱ्या कचरापेटीची मुदत संपल्यावर ते माझ्या लक्षात आलं. म्हणून आता एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि ती डिस्क एरवी कशालाच जोडलेली नसते.

दुसरा धोका खात्याचा. फायली कुलूपबंद असतात हे खरं, पण बहुतेक सेवांमध्ये किल्ली कंपनीकडेही असते आणि ज्याच्या हाती आपला पासवर्ड व ओटीपी लागला, त्याला तर दार उघडंच. खातं नुसतं पडून राहिलं तरी अडचण येते. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर त्यांच्या खात्याकडे कोण बघतं?

सातबाऱ्याची काळजी त्या मानाने कमी. त्याची मूळ नोंद सरकारदफ्तरी असते आणि डिजिटल सहीचा उतारा पुन्हा काढता येतो. डिजिलॉकरमध्येही थेट सरकारी खात्याकडून आलेलं प्रमाणपत्र कायद्याने मूळ कागदासारखंच धरलं जातं, आपण काढून चढवलेल्या फोटोला तो मान नाही. आजीच्या फोटोची नोंद मात्र कुठल्याच दफ्तरात नाही.

तो फोटो आम्ही कापसाने हलकेच पुसून स्कॅन केला. एक प्रत क्लाउडवर, एक पुण्यात माझ्याकडे. काकांच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. फोन हरवला तर खातं उघडायला लागणारे आठ आकडी दहा कोड छापून त्यांच्या हातात दिले. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधलं आणि ट्रंकेत आजीच्या फोटोखाली ठेवला.