मिठाच्या एका रेणूचे माप

गंगापूरच्या कुठल्याही किराणा दुकानातून मीठ आणा, त्यात मिठाचा सुटा रेणू सापडणार नाही. स्फटिकात प्रत्येक सोडियमला सहा क्लोरीन वेढून असतात आणि शेजाऱ्यांमधले अंतर २.८२ अँगस्ट्रॉम असते. एक सोडियम, एक क्लोरीन अशी जोडी हवी तर मीठ भट्टीत तापवून त्याची वाफच करावी लागते. चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली अशाच तप्त वाफांमधून मायक्रोवेव्ह लहरी सोडून सोडियम, पोटॅशियमसारख्या धातूंचे क्षार तपासले.

वाफेतली जोडी गरगरत असते. फुगडीत हात आखडले की गती वाढते; अणू जवळ असले की रेणूचेही तसेच. फक्त रेणूला वाटेल ती गती घेता येत नाही, तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. मिठाच्या रेणूला पहिली पायरी चढायला १३.०२६ गिगाहर्ट्झची लहर लागते; वर्णपटात तिथे एक रेषा उमटते. एवढ्या आकड्यावरून त्याचे जडत्व-आघूर्ण, म्हणजे वस्तुमान फिरण्याच्या अक्षापासून किती दूर पसरले आहे याचे माप, काढता येते. अणूंची वस्तुमाने ठाऊक असतातच, म्हणून हाती येते ते अंतर : सुमारे २.३६ अँगस्ट्रॉम. सहा जणांत वाटली जाणारी ओढ एकाच्याच वाट्याला आली की बंध इतका आवळतो! खातरजमाही करता येते. क्लोरीन ३५ च्या जागी जड क्लोरीन ३७ आला की तीच रेषा १२.७५ गिगाहर्ट्झच्या आसपास सरकते, अंतर मात्र तेच निघते.

रेषांवरून पटणारी ही ओळख इतकी पक्की आहे की १९८७ साली खगोलशास्त्रज्ञ सेर्निचारो आणि गेलँ यांनी स्पेनमधल्या ३० मीटर व्यासाच्या दुर्बिणीने सिंह राशीतल्या एका वृद्ध ताऱ्याभोवती मीठ शोधून काढले. सोबत ॲल्युमिनियम क्लोराइडही सापडले.

प्रयोगशाळेत खरी अडचण येते ती टकरांची. रेणू एकमेकांवर आदळले की रेषा रुंदावतात. या रुंदीचा हिशेब मांडणारा एक निबंध १९७७ साली टेक्सासच्या जेम्स बॉग्ज यांच्यासोबत लिहिणारे एस. सी. मेहरोत्रा पुढे आपल्या मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापक होते. तिथे त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मायक्रोवेव्हचे तंत्र द्रवांकडे वळवले. द्रवात रेणूला मोकळी गिरकी घ्यायला जागाच नसते, त्यामुळे रेषा पुसल्या जातात. मोजायचे उरते ते रेणूला दिशा बदलायला किती वेळ लागतो एवढेच. साध्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, तो सुमारे ८ पिकोसेकंद असतो.